पंपाला काय पाजायचं

"वैनी, पंपाला ऊन पाणी पाजू नगा. काकवी रुसती," असं हौसाक्का मला म्हणाली होती.

मी हातातली बादली खालीसुद्धा ठेवली नव्हती. "काकवी काय नवी नवरी आहे, रुसायला?"

"नवी नवरी परवडली. ती रुसली तर म्हायेराला जाती. ही हितंच बसून दावा साधती."

मी हसले आणि बादली पंपात रिकामी केली. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. ऊब दिली की घट्ट द्रव पातळ होतो, हे मी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहून आले होते आणि त्याचे मार्कही मिळाले होते. आमच्या गुऱ्हाळावर वीस वर्षं राबणारी हौसाक्का शाळेची पायरी चढलेली नव्हती.

कागल तालुक्यात आमच्या सासरचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस आटत आटत गूळ होण्याच्या जरा आधी मधासारखा दाट होतो, तेव्हा कढईतून उतरवला की ती काकवी. आमच्याकडे ती बाटल्यांत भरून विकायला जाते. कढईतली काकवी निवायला आणि निवळायला जमिनीतल्या हौदात सोडायची. हौद सात फूट खोल, आतून पांढऱ्या फरशीचा, आणि वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. तिथून पंपाने उचलून ती ओट्यावरच्या टाकीत चढवायची आणि टाकीतून बाटल्या भरायच्या.

पंप आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विहिरीवरून काढून आणून बसवलेला होता. असल्या पंपाच्या पोटात आधी पाणी भरावं लागतं, नाहीतर तो नुसती हवा ओढत घरघर करत बसतो. याला आमच्याकडे पंपाला पाणी पाजणं म्हणतात. आप्पा रोज आंघोळ करून एक तांब्या पाणी पाजायचे, पंपाला नमस्कार करायचे आणि मग बटण दाबायचे. थंडीत पंप दोन-तीनदा हटून बसायचा, तरी एका तांब्याचे दोन त्यांनी कधी केले नाहीत.

त्या वर्षी डिसेंबरात आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना वाकायची बंदी आली. नवरा, अभिनंदन, हैदराबादला नोकरीवर. गार्गी चौदा महिन्यांची, कायम माझ्या कडेवर. पंप माझ्याकडे आला. मी तांब्याची बादली केली आणि गार पाण्याचं ऊन पाणी. पंप पहिल्या फटक्यात सुरू व्हायला लागला. कसा ते न विचारताच आप्पा खुर्चीवरून म्हणाले, "शिकल्याचा उपयोग आहे." हे वाक्य मी त्याच दिवशी फोन करून आईला सांगितलं.

एक मात्र त्या पंपाला जमत नव्हतं. हौदातली शेवटची दीड फूट काकवी तो काही केल्या ओढायचा नाही. मग दर चार-पाच दिवसांनी, धुतलेले गमबूट घालून, शिडीवरून हौसाक्का खाली उतरायची आणि बादल्या भरून वर द्यायची. हौदाच्या तोंडातून सहज जाणारी तीच एक. याचा तिला गर्व होता.

"गावात वाळक्या बायका लई हाईत," ती म्हणायची, "पर मांजरावानी जाणारी मी येकलीच."

मला तिचं उतरणं बघवायचं नाही. मला तेव्हा काहीच बघवायचं नाही. झोपलेल्या गार्गीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी बाई मी. चमचा दोनदा उकळायचा आणि खाली पडला नसला तरी तिसऱ्यांदा उकळायचा. तर मी हौसाक्काच्या कमरेला दोर बांधायला लागले.

"मला काय म्हस समजलासा व्हय, दावं लावायला?"

"माझ्यासाठी बांधा."

"बांधती बाई. तुमास्नी तेवढीच झोप लागंल."

दोराचं दुसरं टोक मी ओट्याच्या लोखंडी खांबाला बांधायची. चुलाणावर जळण सारणारे दोघे गडी हे बघून एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

जानेवारीतला गुरुवार होता. सकाळचे साडेआठ. हौसाक्का शिडीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली, "आंबिलीवानी वास सुटलाय वैनी."

मी वाकले. वरच्या थराला बारीक फेस होता. "थंडीनं असेल," मी म्हणाले. थंडीनं फेस येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

ती उतरली. हौदात उतरली की हौसाक्का सतत बोलायची. तिचा आवाज त्या फरशीत घुमायचा आणि बाहेर दुप्पट होऊन यायचा. त्या दिवशी विषय तिच्या सुनेचा होता. पहिली बादली आली, दुसरी आली.

"आवं आमटी केलीया का समिंदर आणलाय घरात. मी म्हनलं, बाई, तुझ्या आयनं तुला हेच शिकवलं का, मीठ लई—"

आणि पुढं काही नाही.

घरात रांगतं-चालतं मूल असलं की एक गोष्ट अंगात भिनते. भांडी आपटल्याचा आवाज आला तर आपण हातातलं काम चालू ठेवतो. आवाज थांबला की धावतो.

"हौसाक्का."

काही नाही.

मी तोंडाशी जाऊन आत बघितलं. ती फरशीला टेकून खाली बसली होती, काकवी कमरेपर्यंत, मान छातीवर. बादली आडवी होऊन हळूहळू भरत होती.

आप्पा खुर्चीवरून उठून आले होते. एका डोळ्यावर हिरवं झाकण, आणि त्यांनी सरळ शिडीवर पाय टाकला.

"आप्पा, उतरायचं नाही."

"बुडंल ती."

"तुम्हीपण बुडाल. आत हवा नाही. दोर ओढा."

मी सासऱ्यांपुढे आवाज चढवला, तो आयुष्यात पहिल्यांदा. गार्गीला मी बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये उभं केलं, आणि चुलाणावरचे दोघे, आप्पा आणि मी अशा चौघांनी दोर ओढला. हौसाक्का वाळकी म्हणून नाव, पण काकवीनं भिजलेलं माणूस किती जड होतं ते तेव्हा कळलं. खांदे हौदाच्या तोंडात अडकले. मी तिच्या काखेत हात घातले. ती बाहेर आली.

चिंचेखाली तिला कुशीवर ठेवलं, तोंड पुसलं, लुगडं सैल केलं. मी नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई घालती."

"काय?"

"मीठ."

मग मी रडले. गार्गी क्रेटमधून टाळ्या वाजवत होती.

दवाखान्यात हौसाक्काला नळी लावून दिवसभर ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. पण त्याआधी, दुपारीच, मी एक काम केलं. तारेला मेणबत्ती बांधली, पेटवली आणि हौदात सोडली. काठापासून तीन फुटांवर ज्योत आडवी झाली आणि विझली. परत पेटवली, परत सोडली. परत तिथंच विझली.

"वारं लागलं," आप्पा म्हणाले.

"आत वारं नाही, तेच सांगतेय. काकवी आंबली आहे. आंबताना जो गॅस सुटतो तो हवेपेक्षा जड. तो खाली साठून राहतो. दिसत नाही."

आप्पा हौदाच्या काठावर बसले. "आंबली कशानं?"

मी गार्गीचं नाक पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

"पाण्यानं," त्यांनीच उत्तर दिलं. "काकवीत पाणी गेलं की ती आंबते, हे माझा बाप सांगत होता. वीस वर्षं मी तांब्या ओततोय. पंपाच्या खालनं थेंब थेंब हौदातच जाणार की ते. एक दिवस लागायचंच."

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

"सोमवारी कढई चढणार," आप्पा म्हणाले. "ऊस तुटून पडलाय, तो थांबत नाही. त्याच्या आत हौद रिकामा पाहिजे. शनिवारी दोन गडी तोंडाला ओला टॉवेल बांधून उतरतील."

"टॉवेलानं हा गॅस थांबत नाही."

"मग काकवी काय हाक मारली की वर येणार?"

"पंप आणते. तळापर्यंत ओढणारा. पाणी न पाजता चालणारा."

"असला पंप असता तर मी आणला नसता?"

"तुम्ही पाण्याचा पंप आणलात आप्पा. मी काकवीचा आणते."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "रविवार दुपारपर्यंत थांबतो. नाही जमलं तर दुसऱ्याच्या लेकराला नाही उतरवणार. हौद माझा आहे, मी उतरेन. तोंड मोठं करायला गवंडी सांगून ठेवतो."

आप्पांना मी चार वर्षं ओळखत होते. उतरेन म्हणाले की उतरणार.

शुक्रवारी सकाळी मी दुधाची किटली दोरीनं हौदात सोडली, त्या आंबलेल्या काकवीनं भरून वर घेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, गार्गीला कडेवर घेतलं आणि कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. गोणपाट यासाठी, की उन्हात काकवी नरम पडते आणि कुठल्याही पंपाला शरण जाते. मला सकाळच्या थंडीतली हट्टी काकवी चढवून बघायची होती.

पहिल्या दुकानातल्या माणसानं एक चकचकीत पंप पाण्याच्या पिंपात लावून दाखवला. "हा बघा मॅडम, सेल्फ प्रायमिंग. पोटात थोडं पाणी धरून ठेवतो आणि स्वतःच स्वतःला पाजतो. एकदा भरलं की बघायला नको."

"काकवी ओढेल?"

"चिखल ओढतो."

"चिखल म्हणजे पाणीच, आत माती. ही ओढून दाखवा."

त्यानं किटलीत डोकावून नाक मुरडलं. "पंप घाण होईल."

दुसऱ्या दुकानात निदान लावून तरी बघितला. पंप किंचाळला. काकवी नळीच्या तोंडापर्यंत आली, तिथं बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दुकानदारानं गार्गीला बिस्कीट दिलं आणि मला पत्ता दिला. "असल्या उचापती शिकलगारचाचांकडे. मागच्या गल्लीत, पिंपळाच्या समोर."

शिकलगारचाचा साठीच्या पुढचे, पोट उघडलेल्या पंपांच्या मधोमध स्टुलावर बसलेले. त्यांनी किटलीत बोट बुडवलं, वर उचललं आणि धार कशी तुटते ते बघत राहिले. मग वास घेतला.

"आंबली."

"हो."

"खोली किती?"

"सात फूट. तळापर्यंत ओढायची आहे. थंडीत. आणि पाणी पाजायचं नाही."

"आणि सध्याचा पंप विहिरीचा असणार."

"कसं ओळखलं?"

"सगळ्या गुऱ्हाळांत तोच असतो, बेटी. हे बघ." त्यांनी एक गोल पंखा उचलला. "पाणी भित्रं असतं. हा पंखा आत गरगर फिरला की ते पळत सुटतं. काकवी कुणाला भीत नाही. पंखा तिच्यात भोक पाडून नुसता फिरत बसतो. तिला धरून ढकलायला लागतं." त्यांनी दोन पंप माझ्यासमोर ठेवले. पहिल्याच्या आत दोन दातेरी चाकं, दातांत दात घालून बसलेली. "हा एकेक घास उचलतो आणि पुढं देतो. मागं जागा रिकामी होते, तिथं जे असेल ते येतं. हवा असली तर आधी हवा, मग काकवी. म्हणून याला पाजत बसायला लागत नाही."

"आणि हा?"

दुसऱ्यात रबराच्या नळीत पिळाचा लांब दांडा होता. "हा त्याच्यापेक्षा झकास ओढतो. एकच खोड. सुका चालला तर रबर जळतं."

"किती वेळात?"

"चहा प्यायला जाऊन परत येशील तेवढ्यात."

मी आमच्या गुऱ्हाळाचा विचार केला. कुणीतरी हाक मारतं, कढई उतू जाते, गार्गी पडते. मूल झाल्यापासून मी एक शिकले होते. वस्तू घ्यायची ती आपण लक्ष देऊ त्या दिवसासाठी नाही, लक्ष चुकेल त्या दिवसासाठी.

"आणि दातेरी सुका चालला तर?"

"ओरडतो. आख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पण लगेच मरत नाही."

"मग ओरडणारा द्या."

चाचा पहिल्यांदा हसले. "रडणारं पोर बरं, काय? बरं. स्टीलचाच देतो, खायची वस्तू आहे. मोटर मात्र हळू फिरणारी."

"जोरात फिरली तर लवकर होईल ना?"

"पोरीला भरवतेस ना? पटापट चमचे कोंबलेस तर काय करते?"

"थुंकते."

"मग? घट्ट गोष्टीला आत यायला वेळ लागतो. हा घाईघाईनं फिरला की अर्धा घास हवाच. नळी केवढी आहे तुमची?"

"एक इंच."

"खीर प्यायला सरबताची नळी." त्यांनी मान हलवली. "तीन इंची पाहिजे, सरळ, आखूड, वळणं नकोत. आणि पंप ओट्यावर नको, हौदाच्या काठाला. वर कितीही ढकलेल, पण खालनं ओढायचं अंतर जितकं कमी तितकं बरं. एवढंच. सुरू करायच्या आधी दात ओले पाहिजेत, वाटीभर काकवी आत सोडायची. पाणी नाही."

"पाणी का नाही?" माहीत असून मी विचारलं.

"पाण्यानं काकवी आंबते. तुमच्या गुऱ्हाळातल्या कुठल्याही बाईला माहीत असेल."

"एका बाईला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी पंप जोडला, नळी किटलीत सोडली. गुर्र, गुर्र, गुर्र, इतका संथ, की गार्गी त्याच्या तालावर डोलायला लागली. आणि ती हट्टी, गार काकवी नळीतून वर आली, जाड दोरासारखी. शेवटी किटलीच्या तळाशी फुर्र झालं. मी आत बघितलं. तळ चकाकत होता.

"इथं हातभर अंतर आहे," चाचा म्हणाले. "तुमच्याकडं सात फूट. रविवारी मीच येतो बसवायला. नाही चढली तर उचलून परत नेतो."

रविवारी आठला धुकं होतं. गवंडी आधीच येऊन छिन्नी-हातोडा मांडीशी ठेवून बसला होता. हौसाक्काला घरी थांबायला सांगितलं होतं, म्हणून ती सगळ्यांत आधी आली होती, डोक्यावरून शाल घेऊन.

"मी काय उतराय आली न्हाई," ती म्हणाली. "बघाय आली."

चाचांनी पंप काठाला बसवला, तीन इंची नळी आत सोडली. मी वाटीभर काकवी आत ओतली. बटण दाबलं. गुर्र, गुर्र. आम्ही सगळे पंपातून वर ओट्याकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीकडे बघत होतो. रिकामी. पाच मिनिटं झाली, रिकामीच. मग पंप कर्कश ओरडायला लागला आणि चाचांनी तो बंद केला.

"एक तांब्या आणू का?" आप्पांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"नाही."

चाचांनी सगळे नट पुन्हा आवळले. पुन्हा वाटी, पुन्हा बटण. पुन्हा तेच. गवंडी उठून उभा राहिला आणि त्यानं धोतराची धूळ झटकली. आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"कुठनं तरी हवा धरतोय त्यो," हौसाक्का म्हणाली.

"दिसत नाही ना कुठनं," चाचा म्हणाले. "पाणी असतं तर ठिबकलं असतं. ओढणाऱ्या बाजूनं बाहेर काही येत नाही, हवाच आत जाते."

दिसत नाही. गुरुवारी हेच मी आप्पांना सांगितलं होतं. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली तेव्हा न दिसणारी गोष्ट दिसली होती. मी वाटीत उरलेली काकवी बोटांवर घेतली आणि नळीच्या एकेका जोडाला जाडसर थापली, गार्गीच्या टाळूला तेल थापावं तशी. एक जोड, दुसरा, तिसरा, पंपाच्या गळ्याशी असलेला चौथा.

"आता चालू करा."

गुर्र, गुर्र. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले. पहिल्या जोडावरची काकवी तशीच. दुसऱ्यावरची तशीच. तिसऱ्यावर, खालच्या अंगाला, काकवीत एक बारीक खळी पडली. मुलं हसताना गालाला पडते तेवढी. ती आत आत जायला लागली.

"चाचा, इथं."

चाचांनी जोड उघडला. आतलं रबरी वायसर घडी पडून बसलं होतं. "माझा हात," ते म्हणाले, "म्हातारा झाला." नवं वायसर घातलं, जोड आवळला. मी पुन्हा थापली. आता खळी पडली नाही.

गुर्र, गुर्र, गुर्र.

पारदर्शक नळीच्या तळाशी तपकिरी रंग दिसला. वीतभर आला. हातभर आला. आप्पा बरा डोळा नळीला लावून उभे होते आणि काकवीबरोबर त्यांची मान वर वर चालली होती. मग ओट्यावर ठेवलेल्या पिंपात थप्प करून पहिला गोळा पडला, आणि त्याच्या मागून अखंड धार.

"आली की," गवंडी म्हणाला. त्याचं तर नुकसानच होतं.

एक पिंप भरलं, दुसरं भरलं. मी बॅटरी हौदात धरून बसले होते. काकवी उतरत होती, फरशीवर एकेक रेघ सोडत. शेवटी नळीच्या तोंडाशी फुर्र झालं, आणि पांढरी फरशी दिसली. आधी ताटाएवढी, मग परातीएवढी.

"तळ दिसला," मी म्हणाले.

हौसाक्का माझ्या शेजारी वाकली. "वीस वर्सं मी त्यो तळ पायानं बघितलाय. वरनं कवा बघितला नव्हता." मग शाल सावरत, "चांगला दिसतोय."

गवंड्यानं छिन्नी पिशवीत घातली आणि चहा मागितला.

मग वरूनच पाण्याचा फवारा मारून हौद धुतला आणि ते धुतलेलं पाणीही त्याच पंपानं उचललं. वाऱ्याची मोठी मशीन आणून दुपारपर्यंत आत वारं घातलं. मी तारेला मेणबत्ती बांधून सोडली. तीन फूट, पाच फूट, सात फूट. तळाशी जाऊनही ज्योत सरळ उभी होती.

चहा पिताना आप्पा चाचांना म्हणाले, "ही सगळी माझ्या तांब्याची करणी. माणूस जाणार होतं माझ्या हातनं."

कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"आप्पा, तुमचा तांब्या नव्हता. माझी बादली होती. तुम्ही आजारी होता तेव्हा मी रोज बादलीभर ऊन पाणी पाजत होते. पंप लवकर सुरू व्हायचा म्हणून. हौसाक्कांनी मला सांगितलं होतं, आणि मी त्यांना हसले होते."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते हौसाक्काकडे बघत होते.

"मला म्हाईत हुतं की," हौसाक्का बशीत चहा ओतत म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? पाणी तुमी पाजलं आन दोरबी तुमीच बांधला. फिटंफाट झाली." तिनं चहा फुरकला. "आता ऐकत जावा म्हंजे झालं."

आप्पा उठले. पंपाजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, जसा बैलाच्या ठेवतात. "ऋतुजा, चूक सांगायला तीन दिवस उशीर केलास," ते म्हणाले. "पण मला शिडीवर अडवायला एका क्षणाचाही केला नाहीस. ते मी लक्षात ठेवीन." मग वळून, "उद्या बटण कोण दाबणार?"

"हौसाक्का," मी म्हणाले.

"मी?" तिनं पदराला हात पुसले, काही लागलेलं नसताना. "याला नमस्कार करायचा असतोय का?"

"करा."

"आन पाजायचं काय?"

"वाटीभर काकवी."

"माणसापरास चैन हाय याची," हौसाक्का म्हणाली, आणि चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सोमवारी कढई चढली. बुधवारी, कडाक्याच्या थंडीत, हौसाक्कानं बटण दाबलं आणि पहिल्या वाटीला पंप सुरू झाला. त्या हंगामात एकही बाटली आंबून फुगली नाही. पुढच्या हंगामात पंचक्रोशीतल्या चार गुऱ्हाळांनी असा पंप बसवला, आणि जोडांना काकवी थापून हवा शोधायला हौसाक्काला बोलावणी यायला लागली. ती शाल पांघरून जाते, रिक्षानं. मी तिची मदतनीस म्हणून जाते.

गार्गी आता चौथीत आहे. आमच्या हौदाच्या तोंडाला लोखंडी जाळी जोडून टाकली आहे. नळी जाते, माणूस जात नाही. आप्पा गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत आल्यागेल्याला जाळी दाखवायचे. "आमची सूनबाई भित्री," म्हणायचे, "म्हणून आम्ही सगळे आहोत."

मी अजून तशीच आहे. म्हणून एक मागते. तुमच्या सोसायटीची टाकी, शेजारचं शोषखड्ड्याचं चेंबर, गावातली जुनी विहीर, कुठंतरी आज कुणी साफ करायला उतरलं असेल. झाकण बाजूला पडलेलं असेल आणि वर एक चपलांचा जोड असेल. त्याचं नाव विचारून घ्या आणि नावानं हाक मारा. उत्तर आलं तर उगीच हाक मारली म्हणून तो वैतागेल, वैतागू दे. उत्तर आलं नाही तर मागोमाग उतरू नका, माणसं गोळा करा, दोर आणा, अग्निशमनवाल्यांना बोलवा. पण आधी जाऊन हाक मारा. हे वाचून झालंय तुमचं. जा.